देव जवळ वाटत नाही तेव्हा: कोरड्या दिवसांतील तहान

वाचन: स्तोत्रसंहिता ४२ व ४३



तुम्ही प्रार्थनेला बसता. जागा रोजचीच, वेळ तीच, हातातले शास्त्रही तेच. पूर्वी दोन वचने वाचली की मन भरून यायचे. आता पूर्ण अध्याय संपतो तरी आत काही हलत नाही. डोळे मिटले की उद्याचे काम, कोणाला न दिलेले उत्तर, मोबाइलचे चार्जिंग असे काहीबाही आठवत राहते. मिस्साला किंवा उपासनेला जाता, सर्वांबरोबर गीते गाता. शेजारच्या बहिणीचे डोळे पाणावतात आणि तुमची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. मग एक प्रश्न मनात येतो, जो तुम्ही कोणालाच विचारत नाही: देव मला सोडून गेला का? की तो कधी जवळ नव्हताच, मलाच तसे वाटत होते?

हा पाठ त्या प्रश्नासाठी आहे. ज्यांना सध्या प्रार्थनेत गोडी आहे त्यांनी तो खुशाल बाजूला ठेवावा, फक्त कुठे ठेवला ते लक्षात असू द्यावे.

आधी स्वतःविषयी थोडे सांगते. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आपल्या चळवळीसाठी लेख मराठीत आणण्याची सेवा करते. गेल्या वर्षी पावसाळ्यापासून नाताळपर्यंत मी देवाच्या सान्निध्यावर, त्याच्यातील आनंदावर कितीतरी पाने भाषांतरित केली, आणि त्यातले मला स्वतःला काहीच जाणवत नव्हते. 'आनंद' हा शब्द टाइप करताना लाज वाटायची. आपण ढोंग करत आहोत असे वाटायचे. एका रात्री मी आमच्या समन्वयक ताईंना संदेश लिहिला की मला या सेवेतून मोकळे करा. तो पाठवला मात्र नाही. का, ते पुढे येईलच.

तहानलेला माणूस पाण्याजवळच उभा आहे

स्तोत्र ४२ बहुतेकांना माहीत असते ते त्याच्या पहिल्या चित्रामुळे. पाण्याच्या ओढीने कासावीस झालेली हरिणी. कॅलेंडरांवर हे चित्र फार सुंदर छापलेले असते: हिरवे कुरण, संथ ओढा, मान वाकवून पाणी पिणारे हरीण. पण स्तोत्रातली हरिणी पाणी पीत नाही. तिला पाणी मिळालेलेच नाही. आपल्या मराठी शास्त्रात इथे 'लुलपणे' हे क्रियापद वापरलेले आहे. रोजच्या बोलण्यात आपण ते फारसे वापरत नाही, पण एकदा मोठ्याने म्हणून पाहा. घसा कोरडा पडलेला, जीभ बाहेर आलेली, जीव तळमळतो आहे, हे सगळे त्या एका शब्दात ऐकू येते. भाषांतर करणाऱ्याला असा शब्द सापडलेला पाहून हेवा वाटतो.

हे स्तोत्र गाणारा माणूस देवाला नवखा नाही. शीर्षकात कोरहाच्या पुत्रांचे नाव आहे आणि ते मंदिरात गायनाची सेवा करणारे घराणे होते. चौथ्या वचनात त्याला आठवते की सणाच्या दिवशी तो लोकांच्या मिरवणुकीत चालत, गात, देवाच्या घराकडे जात असे. आपल्या भाषेत सांगायचे तर हा कॉयरचा माणूस. इतरांना भक्तीत पुढे नेणारा. कोरडेपणा येतो तो अशा माणसालाही, किंबहुना अशा माणसाला तो जास्त बोचतो, कारण त्याला आधीचे दिवस आठवतात.

आता सहावे वचन नीट वाचा. तो कुठे आहे? यार्देनेच्या प्रदेशात, हर्मोन पर्वताजवळ, मिसार टेकडीपाशी. म्हणजे यरुशलेमेपासून दूर, अगदी उत्तरेला. हर्मोन सुमारे २,८०० मीटर उंच आहे. त्याच्यावर बर्फ साठते, ते वितळून खडकात मुरते आणि पायथ्याशी झरे फुटतात. यार्देन नदीचा उगम याच झऱ्यांत आहे. त्या कोरड्या देशात पाण्याची खरी सुबत्ता कुठे असेल तर इथे. सातव्या वचनात धबधब्यांचा आवाज आहे, अंगावरून जाणाऱ्या लाटा आहेत. हे लक्षात आले तेव्हा मी थांबलेच. हा माणूस वाळवंटात उभा राहून तहान लागली म्हणत नाही. चहूकडे पाणी खळाळत असताना म्हणतो आहे.

आपलेही बहुतेक वेळा असेच असते. शास्त्र उशाशी आहे, फोनमध्ये हवी तितकी प्रवचने आहेत, दर आठवड्याला प्रार्थनासभा आहे. पाणी पुष्कळ आहे आणि घसा कोरडा आहे. म्हणून 'अजून एक व्हिडिओ बघ, अजून एका शिबिराला ये' असा सल्ला ऐकला की कोरड्या दिवसांतला माणूस आणखी थकतो. त्याला देवाविषयीच्या गोष्टी कमी पडलेल्या नसतात. त्याला देव हवा असतो.

आणखी दोन गोष्टी या स्तोत्रात पाहून ठेवा.

पहिली: या दोन्ही स्तोत्रांत पापाची कबुली कुठेही नाही. दुसरी स्तोत्रे ती करतात, हे करत नाही. तेव्हा 'देव दूर वाटतो, म्हणजे तू नक्कीच काहीतरी केले असशील' हे वाक्य कोणाच्याही तोंडावर फेकण्याआधी आपण दहा वेळा विचार करावा. स्तोत्रकर्त्याला लोक 'तुझा देव कुठे आहे' असे दोनदा विचारतात, आणि ते त्याला हाडात घाव घातल्यासारखे लागते. आपल्यापैकी काहीजण तोच प्रश्न धार्मिक शब्दांत विचारतात, एवढाच फरक.

दुसरी: देव मला विसरला, अशी त्याची तक्रार आहे. पण ती तो कोणाकडे करतो? देवाकडेच. नवव्या वचनात ज्याला तो आपला खडक म्हणतो त्यालाच विचारतो की तू मला का विसरलास. विसरलेल्याशी कोणी असे भांडत नाही. शेजाऱ्यापाशी देवाची तक्रार करणे आणि देवापाशीच देवाची तक्रार करणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट पूर्णपणे प्रार्थना आहे.

स्तोत्र ४३ ला स्वतंत्र शीर्षक नाही, आणि ४२ मधले पालुपद, जिथे तो आपल्याच जिवाला खिन्न का होतोस म्हणून विचारतो आणि देवाची वाट पाहायला सांगतो, ते ४३ च्या शेवटी पुन्हा येते. म्हणून अनेक अभ्यासक ही दोन्ही मिळून एकच रचना मानतात. हे पालुपद तीनदा येते. तिसऱ्यांदा तरी तो बरा झालेला असेल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. शेवटच्या वचनातही त्याचा जीव खिन्नच आहे, तो अजून हर्मोनपाशीच आहे, यरुशलेमेला पोहोचलेला नाही. बदलली आहे ती तोंडाची दिशा. सुरुवातीला तो गेलेल्या दिवसांच्या आठवणी काढत होता. शेवटी तो पुढचे मागतो: तुझा प्रकाश आणि तुझे सत्य पाठव, ते मला तुझ्या वेदीपाशी नेतील आणि मी वीणा वाजवीन. वीणा अजून हातात नाही. तरी ती वाजवण्याची भाषा सुरू झाली आहे.

(ज्यांना हेही फार आशेचे वाटेल त्यांनी स्तोत्र ८८ वाचावे. तेही कोरहाच्या पुत्रांचेच आहे आणि ते अंधारातच संपते. देवाने तेही आपल्या शास्त्रात ठेवून घेतले.)

आधी साध्या गोष्टी

प्रत्येक कोरडेपणाला मोठे आध्यात्मिक नाव देण्याची घाई करू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला लगेच प्रवचन दिले नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. होरेबचा डोंगर त्यानंतर. परीक्षेच्या महिन्यात रात्री दोनपर्यंत जागून सकाळी प्रार्थनेत झोप येत असेल, तर त्याला आत्म्याची काळी रात्र म्हणू नये. झोपावे.

कधी कारण खरोखर आपल्याकडे असते. स्तोत्र ३२ मध्ये दावीद सांगतो की पाप मनात दडवून ठेवले तेव्हा उन्हाळ्याच्या तापाने वाळावे तसे त्याचे अंग वाळत गेले. एखाद्याला क्षमा करायची राहिली आहे, एखादे खोटे रोज सांभाळावे लागते आहे, तर मन तिथेच अडकते. तसे असेल तर उपाय सरळ आहे: पापकबुली, आणि ज्याचे जे असेल ते त्याला परत करणे.

आणि कधी तो आजार असतो. आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही किंवा अंथरुणातून उठवत नाही, भूक गेली आहे, कशातच रस नाही, जगू नये असे वाटते, तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे गेल्याने विश्वास कमी होत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये हे स्पष्टपणे फार कमी वेळा सांगितले जाते, म्हणून मी इथे लिहीत आहे.

हे सगळे पाहून झाले, झोप पुरेशी आहे, मनात दडवलेले काही नाही, तब्येत ठीक आहे, आणि तरीही प्रार्थना कोरडी आहे. तर पुढे वाचा.

क्रूसभक्त संत योहानांच्या तीन खुणा

सोळाव्या शतकातील स्पेनमधले हे संत कोरडेपणावर बोलण्याचे अधिकारी होते. कार्मेल संघाची सुधारणा करण्याच्या कामात ते अविलाच्या संत तेरेजांचे सोबती. डिसेंबर १५७७ मध्ये सुधारणेला विरोध असलेल्या त्यांच्याच संघबंधूंनी त्यांना पकडून तोलेदो शहरातील मठात एका लहानशा कोठडीत कोंडले. ऑगस्ट १५७८ मध्ये ते तिथून निसटले. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयी त्यांनी पुढे जे पुस्तक लिहिले, त्यात ते अगदी वैद्यासारखे लक्षणे सांगतात. कोरडेपणा देवाकडून आहे, की आपल्या ढिलाईतून, की खिन्नतेच्या दुखण्यातून, हे कसे ओळखावे?

पहिली खूण अशी की देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण इतर कशातही नाही. प्रार्थना कंटाळवाणी आणि वेब सिरीज मात्र गोड, असे असेल तर ती साधी ढिलाई. दुसरी, मनाला सारखी काळजी लागलेली असते की मी देवाची सेवा नीट करत नाही, मी मागे पडतो आहे. ज्याला देवाचे काही पडलेले नाही त्याला ही काळजी नसते. तिसरी, पूर्वीसारखे चित्र डोळ्यांसमोर आणून, विचार करून मनन करायला गेले तर ते जमतच नाही, कितीही जोर लावला तरी. या तिन्ही खुणा एकत्र असाव्यात, असे ते सांगतात.

मला त्यातली दुसरी खूण सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मला देव जाणवत नाही' या वाक्यामागे दुःख आहे का? असेल, तर त्या दुःखाकडे नीट पाहा. ते कुठून आले?

याच पुस्तकाच्या सुरुवातीला ते आईचे उदाहरण देतात. आई तान्ह्याला छातीशी धरते, दूध पाजते, कडेवर मिरवते. मूल मोठे होऊ लागले की ती छातीला कडू कोरफड लावते, त्याला खाली उतरवते, म्हणजे ते आपल्या पायांनी चालू लागेल. आपल्याकडे काही घरांत अजूनही अंगावरचे दूध तोडताना कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. ते मूल कसे रडते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे उदाहरण समजावून सांगायला नको. त्या मुलाला वाटते की आई बदलली. आई तर त्याच खोलीत असते, आणि बहुधा तीही रडत असते.

मदर तेरेसा आणि पुण्याचे फादर नॉयनर

१० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत मदर तेरेसा यांना गरिबांतल्या गरिबांसाठी सर्वस्व देण्याची हाक ऐकू आली, हे आपल्याला माहीत आहे. त्यानंतरचे काही महिने त्यांना प्रभू येशूची जवळीक अतिशय तीव्रतेने जाणवत होती. १९४८ मध्ये त्या लोरेटोच्या कॉन्व्हेंटमधून बाहेर पडल्या, १९५० मध्ये त्यांच्या संघाला मान्यता मिळाली. आणि काम सुरू झाले त्याच सुमारास ती जवळीक नाहीशी झाली. आत अंधार, रिकामेपण, देवाची अतोनात ओढ आणि समोर कोणीच नाही असे वाटणे. थोडासा अपवाद सोडला तर ही स्थिती १९९७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत राहिली.

थोडासा अपवाद म्हणजे किती? ऑक्टोबर १९५८ मध्ये पोप बारावे पायस वारले. त्यांच्यासाठी कोलकात्यात मिस्सा झाला तेव्हा मदरनी खूण मागितली, की हे काम देवाला आवडते आहे. तत्क्षणी अंधार गेला. सुमारे महिनाभर गोडवा राहिला आणि पुन्हा तेच. पन्नास वर्षांतला एक महिना!

जगाला त्यांचे हसू दिसत होते. आतले फक्त आर्चबिशप फर्डिनांड पेरिये आणि काही मोजक्या धर्मगुरूंना माहीत होते. आपली पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती जपली गेली आणि २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. कोणी म्हणाले, म्हणजे त्यांचा विश्वास नव्हताच. आपले हसू हे एक पांघरूण आहे, आपण लोकांना फसवत तर नाही ना, ही टोचणी त्यांनाही होती. हे वाचले तेव्हा मला माझा 'आनंद' हा शब्द टाइप करण्याचा प्रसंग आठवला. तुलना करण्याचे धाडस करत नाही, फक्त आठवला एवढेच सांगते.

१९६१ मध्ये त्यांची भेट फादर जोसेफ नॉयनर यांच्याशी झाली. ऑस्ट्रियात जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १९३८ मध्ये भारतात आले आणि पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धर्मगुरूंना ईशज्ञान शिकवले. २००९ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, पुण्यातच त्यांचे निधन झाले. म्हणजे मदरच्या आयुष्यातली ही गाठ सोडवणारा माणूस आपल्या इतका जवळचा होता. कोलकात्यात रिट्रीट घेण्यासाठी गेले असता मदरनी त्यांच्यापुढे मन मोकळे केले आणि नंतर लिहूनही दिले.

फादरनी त्यांना जे सांगितले त्याचा आशय तीन गोष्टींत येतो. एक, या अंधारावर माणसाच्या हातात उपाय नाही, म्हणून त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये. दोन, देव जाणवणे हाच त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे. त्याची ही जी तहान आहे, तीच तो आत लपून असल्याची खात्रीची खूण आहे. तीन, हा अंधार त्यांच्या कामापासून वेगळा नाही, तो कामाचाच आतला भाग आहे.

तिसरी गोष्ट समजायला त्यांच्या संघाचे प्रार्थनामंदिर डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक ठिकाणी क्रूसाच्या बाजूला भिंतीवर क्रूसावरच्या येशूच्या तहानेचे शब्द लिहिलेले असतात. रस्त्यावर टाकून दिलेल्या माणसाला जे वाटते, की मी कोणालाच नको आहे, ते मदरना आतून माहीत होते. ज्याला आपण देवाचे दूर जाणे समजत होतो ते त्या माणसांच्या आणि क्रूसावरच्या येशूच्या जवळ जाणे होते. नॉयनर यांच्या भेटीनंतर मदरनी लिहिले की पहिल्यांदाच त्या या अंधारावर प्रेम करू लागल्या आहेत. अंधार गेला नाही. त्याच्याशी असलेले नाते बदलले.

दुसरी गोष्ट मात्र आपल्या सर्वांसाठी आहे. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून मला ती बँक ताळमेळ पत्रकावरून समजली. तुम्ही महिन्याच्या शेवटी चेक भरता. तुमच्या रोख पुस्तकात त्याची नोंद होते, पण पासबुकात रक्कम दिसत नाही. चेक अजून वटायचा असतो. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून कोणी चोरी झाली असे ओरडत नाही. पण ही उपमा इथेच सोडते. प्रार्थना म्हणजे खाते नव्हे, आणि माझी मूळ चूक तीच होती. मी डायरीत प्रार्थनेच्या दिवसांना बरोबरच्या खुणा करत होते आणि मनातल्या मनात समजत होते की इतक्या खुणा झाल्या, आता देवाकडे माझे काहीतरी जमा आहे.

मग बसून करायचे काय?

लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ मध्ये मानरेसा या गावी राहिले. तिथे त्यांनी मोठा गोडवाही अनुभवला आणि इतका काळोखही, की जीव द्यावा असे विचार त्यांच्या मनात आले. त्या अनुभवातून त्यांनी 'आत्मिक साधना' या पुस्तकात नियम लिहून ठेवले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध नियम असा: मन कोरडे, जड, अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. उजेडात ठरवले ते अंधारात मोडू नये. ज्या रात्री मी तो संदेश लिहिला त्याच आठवड्यात याच नियमावरचा एक लेख माझ्याकडे भाषांतरासाठी आला होता. देवाला विनोद कळतो, असे मला तेव्हापासून वाटते. मी संदेश पुसला नाही, पण पाठवलाही नाही. नाताळनंतर पुसला.

इग्नेशियस आणखी एक बारीक गोष्ट सांगतात. कोरडेपणात प्रार्थनेचा वेळ पुरा होण्याआधीच उठावेसे वाटते. अशा वेळी ठरलेल्या वेळेपेक्षा उलट थोडे जास्तच बसावे. वीस मिनिटे ठरवली असतील तर बावीस. फार नाही. मोहाला फक्त एवढे कळावे की इथे त्याचे चालत नाही. मी हे करून पाहिले. त्या वाढीव दोन मिनिटांत काहीही घडत नाही. पण आपण उठलो नाही, हे घडते.

या काळात स्वतःचे शब्द सुचत नसतील तर सुचवायचा आटापिटा करू नका. उसने शब्द घ्या. स्तोत्रे त्यासाठीच आहेत. पुढचा आठवडाभर रोज एकदा स्तोत्र ४२ व ४३ सलग, मोठ्याने, कानाला ऐकू येईल असे वाचा. मनात न वाचता मोठ्याने का, तर कोरड्या दिवसांत मन ऐकत नाही, कान मात्र ऐकतात. जिथे पालुपद येते तिथे थोडे थांबा. स्वतःच्या जिवाला स्वतःच प्रश्न विचारणारा हा माणूस तुम्हाला तुमच्याशी बोलायला शिकवेल. मग देवाला जे खरे आहे ते सांगा. 'प्रभू, आज मला तू जाणवत नाहीस' हे वाक्य त्याला नवीन नाही.

एका माणसाला सांगा. सगळ्या गटाला नको. साक्ष देण्याच्या सभेत उभे राहून तर मुळीच नको. मदरसारख्या व्यक्तीलाही हे ओझे एकटीने वाहवले नाही, त्यांना पेरिये लागले, नॉयनर लागले. मी आमच्या समन्वयक ताईंना शेवटी फोनवर सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, माझी तीन वर्षं झाली." मला वाटले होते त्या रोज पहाटे देवाशी गप्पा मारतात. त्या रोज पहाटे उठतात हे खरे आहे.

आणि सेवा चालू ठेवा, जमेल तेवढी. कोरड्या हातांनी वाढलेले जेवणही भुकेल्याच्या पोटात जाते. मी ज्या लेखांचे भाषांतर करताना काहीच जाणवत नव्हते, त्यांतला एक वाचून मध्य प्रदेशातल्या एका मराठी कुटुंबाने गटाला कळवले की आजोबांच्या आजारपणात तो त्यांनी रोज रात्री मोठ्याने वाचला. त्यांना माझी अवस्था माहीत असायचे काही कारण नव्हते.

तुम्ही विचाराल, तुझा कोरडेपणा गेला का? पूर्वीची गोडी परत आलेली नाही. एखादी सकाळ वेगळी असते. बाकीच्या दिवशी मी बसते, दोन्ही स्तोत्रे वाचते, बावीस मिनिटे झाली की उठून चहा टाकते. डायरीतल्या खुणा मात्र बंद केल्या आहेत.

गटात चर्चेसाठी

स्तोत्र ४२ मधला माणूस कोणत्या गोष्टी आठवतो आणि कोणत्या मागतो, त्याच्या दोन याद्या करा. ४३ मध्ये कोणती यादी वाढते?

तुमच्या गटात कोणी 'मला सध्या देव जाणवत नाही' असे म्हणाले तर पहिले उत्तर काय मिळेल? प्रामाणिकपणे लिहा, नाव न घालता कागद एकत्र करा आणि वाचा.

संत योहानांच्या तीन खुणांपैकी कोणती तुम्हाला तुमच्यात दिसते? हे उत्तर गटात देऊ नका. आठवड्याच्या आत ज्या एका व्यक्तीला द्याल तिचे नाव आज ठरवा आणि भेटीची वेळ मागून घ्या.